सुप्याचे कागद आणि आपले कपाट

गेल्या प्रायश्चित्तकाळात आमच्या भागातील एका धर्मग्रामात 'कर्जमुक्त कुटुंब' या विषयावर तीन संध्याकाळी प्रवचने झाली. वक्ते बाहेरगावचे होते, वाणी रसाळ होती आणि श्रोत्यांत बारामती व इंदापूर या दोन्ही तालुक्यांतून आलेली कुटुंबे होती. साखर कारखान्यातील कामगार, औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर जाणारे तरुण, शाळांतील शिपाई आणि शिक्षिका, दवाखान्यांतील परिचारिका, एक-दोन एकर ऊस असलेले मोजके शेतकरी, असा तो समाज होता. तिन्ही दिवस सूत्र एकच होते: अंथरूण पाहून पाय पसरावेत. लग्नाचा मांडव, पहिल्या कम्युनियनचा केक, हप्त्यावर घेतलेला मोबाइल, सणाच्या दिवशीचे मटण, यांची यादी झाली. कर्ज हे उधळपट्टीचे फळ आणि काटकसर हा त्यावरील उतारा, असा निष्कर्ष निघाला. शेवटच्या दिवशी सर्वांनी गुडघे टेकून पश्चात्तापाची प्रार्थना केली आणि मंडळी घरोघर गेली.

त्या प्रार्थनेविषयी आमचे काही म्हणणे नाही. आमचे म्हणणे आहे ते घरी गेल्यानंतरच्या गोष्टीविषयी. घरी गेल्यावर कोणीही कपाट उघडले नाही. पतपेढीची नोटीस, बचत गटाचे कार्ड, सावकाराकडे दिलेल्या कोऱ्या धनादेशाचे पुस्तक, जामीन राहिल्याचा करारनामा, हे सारे जिथे होते तिथेच राहिले. एवढेच झाले की, आधी ज्याला केवळ चिंता होती त्याला आता लाजही वाटू लागली. आणि लाजलेला माणूस कागद दाखवीत नाही, तो आणखी खालच्या कप्प्यात ठेवतो. म्हणून आम्हांस स्पष्ट म्हणावयाचे आहे की, कर्जाविषयी अशी प्रवचने करणे आता थांबवावे. त्यांनी कर्ज फिटत नाही, ते लपते.

या मातीत कर्जाविषयी बोलावयास येणाऱ्याने आधी सुप्यास जाऊन यावे. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते. बाजाराचे गाव, त्यामुळे सावकारांचीही वस्ती मोठी. १२ मे १८७५ रोजी आसपासच्या गावांतील कुणबी तेथे जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. आदल्या वर्षाच्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावी सावकारावर बहिष्कार पडला होता. सुप्यात त्याचे दंग्यात रूपांतर झाले आणि पुढे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत ते लोण पोचले. इतिहासाच्या पुस्तकांत याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. शाळेत आपण ही दोन ओळींची टीप पाठ केली आणि विसरलो.

विसरू नये अशी एक गोष्ट मात्र त्यात आहे. लोकांना काय हवे होते? दंग्यांत धान्य लुटले गेले, काही घरे पेटवली गेली, हे खरे. परंतु सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने नोंदवून ठेवले आहे की, दंगेखोरांचा रोख कर्जरोखे, वह्या आणि हुकूमनामे यांवर होता. ते मुकाट्याने हवाली झाले तर बहुधा तेथेच प्रकरण थांबे. माणसांच्या जिवावर उठण्याचे प्रकार विरळ होते. म्हणजे अक्षरओळख नसलेल्या त्या शेतकऱ्यांना एवढे पुरते कळले होते की, आपली मान अडकली आहे ती कागदात.

तो कागद कसा होता? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. व्याज वर्षानुवर्षे साचू नये, असा हेतू. घडले उलटे. तिसरे वर्ष संपत आले की सावकार नवा रोखा लिहून घेई. जुने मुद्दल आणि त्यावरचे थकलेले व्याज मिळून नवे मुद्दल होई आणि त्यावर पुन्हा व्याज सुरू. भरलेल्या पैशाची पावती नाही, वही सावकाराची, लिहिणारा सावकाराचा, अंगठा तेवढा कुणब्याचा. त्यात १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना कापसाला भाव चढला होता आणि उधार सढळ हाताने मिळाले होते. युद्ध संपताच भाव कोसळला आणि उधारही आटले. इंदापूर तालुक्यात तर १८३६ साली गोल्डस्मिड व विंगेट यांनी बसवलेल्या साऱ्याची तीस वर्षांची मुदत नेमकी याच सुमारास संपली आणि नव्या आकारणीत सारा पुष्कळ वाढला. भाव खाली, सारा वर, रोखा दर तीन वर्षांनी फुगलेला. यात लग्नाचा मांडव कोठे बसतो?

हा प्रश्न आयोगालाही पडला होता. त्याचे उत्तर आपल्या प्रवचनकारांनी अवश्य वाचावे. शेतकऱ्याच्या कर्जाचे कारण म्हणून लग्न व सणसमारंभांवरील खर्चास अवाजवी महत्त्व दिले गेले आहे, असा त्या आयोगाचा अभिप्राय होता. असे प्रसंग क्वचित येतात आणि वर्षांच्या हिशेबात पाहता तो खर्च त्या माणसाला शोभणार नाही इतका होत नाही, असे त्याने म्हटले. परक्या सरकारच्या साहेबांना जे दिसले ते आपल्याच माणसांना दीडशे वर्षांनी दिसू नये, याचे आम्हांस नवल वाटते. आजचा मांडव १८७५ च्या मांडवापेक्षा मोठा आहे, त्यात बँड आणि ड्रोनवाला छायाचित्रकार आला आहे, हे आम्ही नाकारीत नाही. कर्ज काढून केलेल्या तशा लग्नाचे समर्थनही करीत नाही. परंतु लग्न एकदा होते. व्याज दरमहा येते.

दंग्यांनंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याचे मर्मही कागदातच होते. न्यायालयाने रोख्यावरचा आकडा प्रमाण न मानता मूळ व्यवहारापर्यंत मागे जाऊन हिशेब उलगडावा; शेतकऱ्यास भरण्याची पावती, वर्षाचा उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क असावा; कर्जापायी त्यास तुरुंगात टाकू नये. कायदा बरा होता, पण सावकारही कच्चे नव्हते. गहाणखताची चौकशी होऊ लागली तेव्हा त्यांनी थेट खरेदीखत लिहून घेण्यास सुरुवात केली. पैसे फेडलेस की जमीन परत, हे तोंडी. आज आपल्या तालुक्यांत खाजगी सावकार तारण म्हणून साठेखत किंवा खरेदीखतच मागतो, ही त्याच जुन्या युक्तीची नातवंडे आहेत.

आणि तीन वर्षांनी रोखा फिरवून घेण्याची रीत? तिलाही वंशज आहे. विविध कार्यकारी सोसायटीचा प्रत्येक सभासद 'नवे-जुने' हा शब्द जाणतो. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर शेतकऱ्यास व्याज पडू नये, अशी सवलत राज्य सरकारने २०२१ पासून दिली. सवलत उत्तम आहे. पण मार्च उजाडतो तेव्हा उसाचे बिल हातात असतेच असे नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत रास्त व किफायतशीर दराची रक्कम मिळावयास हवी, हे खरे. परंतु आडसाली ऊस लावणीपासून तोडणीपर्यंत सोळा-अठरा महिने रानात उभा असतो आणि प्रपंचाला पैसे दर आठवड्यास लागतात. मग गावातल्या कोणाकडून तरी आठ-पंधरा दिवसांकरिता रक्कम उचलावयाची, सोसायटीत भरावयाची, नवे कर्ज मंजूर करून घ्यावयाचे आणि उचललेली रक्कम वर्तावळ्यासह परत करावयाची. कागदावर शेतकरी नियमित कर्जदार ठरतो. प्रत्यक्षात जुने कर्ज नव्या तारखेने उभे असते आणि शून्य टक्क्याच्या कर्जापायी पंधरा दिवसांचे जबर व्याज खिशातून गेलेले असते. २०१७ व २०१९ सालच्या कर्जमाफ्यांचा लाभ झालेली घरे आम्हांस ठाऊक आहेत. पण माफी मिळते ती बँकेच्या व सोसायटीच्या कर्जाला. सावकाराची वही त्यांत येत नाही.

आता आपल्या कुटुंबांकडे वळू. आपल्यापैकी बहुतेकांना जमीन नाही, म्हणून हा शेतकऱ्यांचा इतिहास आपला नव्हे, असे कोणास वाटेल. आम्हांसही तसे वाटत होते. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघे-चौघे प्रापंचिक, त्यांत एक निवृत्त बँक कर्मचारी, एक शिक्षिका आणि एक कायद्याचे थोडेफार वाचन असलेले गृहस्थ, मागेल त्या कुटुंबाचा हिशेब मांडून देऊ लागलो. पहिल्या काही महिन्यांत कोणी फिरकलेच नाही. मग एक जोडपे आले. त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा बेताने, त्यांची वही येथे देत आहोत.

तो कंत्राटी कामगार, महिन्याला पंधरा हजार. ती एका खाजगी दवाखान्यात आया, नऊ हजार. घरात पाच माणसे. पतपेढीचे सव्वा लाखाच्या आतले कर्ज, त्याचा हप्ता ४,१००. शीतकपाट व मोबाइल यांचा हप्ता मिळून १,७५०. महिलांच्या गटामार्फत एका लघुवित्त कंपनीचे कर्ज, महिन्याला २,३००. भिशीचे १,५००. एवढे दोघांनी मिळून सांगितले आणि आम्ही लिहून घेतले. बेरीज ९,६५०. चोवीस हजारांत एवढे जात असेल तर ओढाताण होईल, पण उपासमार होऊ नये. त्यांच्या घरी मात्र महिन्याच्या वीस तारखेनंतर दूध बंद होत होते. बेरीज जुळत नव्हती.

आम्ही तसे बोललो. बराच वेळ कोणी काही म्हणाले नाही. मग तो म्हणाला की, सव्वीस महिन्यांपूर्वी वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी एकाकडून साठ हजार घेतले होते, शेकडा पाचने. म्हणजे महिन्याला तीन हजार. ओव्हरटाइम मिळत नाही असे तो घरी सांगत असे. मिळत होता, आणि तो परस्पर तेथे जात होता. बायको त्याच्याकडे पाहत राहिली. तिला राग आला असेल असे आम्हांस वाटले. ती उठून आत गेली आणि पिशवीतून एक कार्ड घेऊन आली. दुसऱ्या एका लघुवित्त कंपनीचे, आणखी २,३००. नवऱ्याच्या ओव्हरटाइमचे पैसे बंद झाले म्हणून घरखर्चासाठी तिने ते कर्ज घेतले होते आणि त्याला काळजी नको म्हणून सांगितले नव्हते.

त्याचे लपवलेले कर्ज फेडण्यासाठी तिने कर्ज लपवून काढले होते. दोघांचाही हेतू दुसऱ्याला जपण्याचा. यात उधळपट्टी कोठे आहे, ते त्या तीन संध्याकाळच्या वक्त्यांनी आम्हांस दाखवावे.

आता खरी बेरीज पाहा. ९,६५० अधिक ३,००० अधिक २,३००, म्हणजे १४,९५०. पाच माणसांच्या घराला उरतात ९,०५०. रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की, वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला लघुवित्त कर्ज देताना त्या घरच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. १ एप्रिल २०२२ पासून तो लागू आहे. या घराची मर्यादा बारा हजार. भिशी हे कर्ज नव्हे म्हणून ती सोडली तरी हप्ते होतात १३,४५०. पण सावकार कोणत्याही नोंदीत नाही! तो वगळला की १०,४५०, म्हणजे सारे नियमात. दुसऱ्या कंपनीने कागद तपासून कर्ज दिले आणि कागद खरा होता. खोटे होते ते मौन.

यापुढचे काम मौन फुटल्यावर सोपे झाले. किती सोपे, ते पाहून आम्हीच चकित झालो. शेकडा पाच दरमहा म्हणजे दरसाल साठ टक्के. वीस महिन्यांत व्याज मुद्दलाइतके होते. 'दामदुप्पट' हा आपला जुना नियम: व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ यानेही तो राखला आहे. शिवाय त्या कायद्याखाली बिगरशेतकऱ्यास विनातारण कर्जासाठी ठरवलेला कमाल दर दरसाल अठरा टक्के आहे, परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि त्याचा वसुलीचा दावा न्यायालयात उभा राहत नाही. या गृहस्थाने सव्वीस महिन्यांत ७८,००० रुपये नुसते व्याज भरले होते आणि मुद्दल साठ हजार जिथल्या तिथे होते. आमच्यातील कायदेवाचक मित्राचे म्हणणे पडले की, एक पैसाही देऊ नये. आम्हा इतरांना वाटले, घेतलेले मुद्दल द्यावे. पण मुद्दलावर जादा गेलेले अठरा हजार वळते करून. त्या जोडप्यालाही तेच पटले. 'सहायक निबंधक' हे दोन शब्द उच्चारल्यावर सावकारालाही पटले. राहिले बेचाळीस हजार.

ते कोठून आणावयाचे? कपाटातच होते. तिच्या माहेरची सोन्याची साखळी धाकट्या मुलीच्या लग्नासाठी जपून ठेवली होती. साठ टक्क्यांचे कर्ज डोक्यावर असताना सोने कापडात गुंडाळून ठेवणारे हे एकच घर नव्हे. आम्ही पाहिलेल्या निम्म्याअधिक घरांत हेच आहे, कारण साखळी बायकोच्या ताब्यात आणि सावकार नवऱ्याच्या मनात. दोघे एका मेजावर आलेच नाहीत तर हिशेब लागणार कसा? साखळी राष्ट्रीयीकृत बँकेत तारण ठेवली. दरसाल दहा टक्के धरले तरी बेचाळीस हजारांवर महिन्याला साडेतीनशे रुपये व्याज होते. पूर्वी सावकाराकडे जाणारे तेच तीन हजार आता दरमहा बँकेत भरले तर पंधरा महिन्यांत साखळी मोकळी होते. मध्ये एकदा नूतनीकरण करावे लागेल, एवढेच. त्यानंतर त्या तीन हजारांचे तोंड लघुवित्ताच्या कर्जाकडे वळवावयाचे. मुदतीपूर्वी फेडल्यास त्यावर दंड आकारता येत नाही. पतपेढीचे सर्वांत शेवटी, कारण तेथे व्याज सर्वांत कमी आणि मुद्दल दरमहा उतरते आहे. लोक बहुधा उलट करतात. जो दारात येऊन ओरडतो त्याला आधी देतात. जो महाग आहे त्याला आधी द्यावे, हे शाळेतल्या व्याजाच्या गणिताने कळते; पण गणित करण्यास सगळे आकडे एका कागदावर हवेत.

वडिलांच्या शस्त्रक्रियेविषयीही एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयात नेले असते तर त्या साठ हजारांतला बराचसा भाग लागलाच नसता. शिधापत्रिका घरात होती. तिचा उपयोग होतो हे सांगणारे त्या रात्री कोणी नव्हते. व्याजाने पैसे देणारा मात्र होता, तासाभरात, रोख.

आणखी एक कागद आहे ज्याविषयी आपल्या समाजात कोणी बोलत नाही: जामीनपत्र. पगारदार पतसंस्थेत कोणी कर्ज काढले की दोन जामीन लागतात आणि ते मिळतात चर्चच्या ओळखीत. मुलाचा धर्मपिता, लग्नातला साक्षीदार, गायनवृंदातील मित्र. नाही कसे म्हणावयाचे? सही होते, चहा होतो, घरी सांगितले जात नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि मूळ कर्जदाराने हप्ते थांबवले की कपात जामीनदाराच्या पगारातून होऊ शकते. तीन वर्षांनी पगार कमी का आला, याचे उत्तर बायकोला द्यावे लागते तेव्हा धर्मपित्याचे नाते आणि नवराबायकोचे नाते अशी दोन्ही एकदम नासतात. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात जामीन राहण्याविरुद्ध कडक इशारा आहे. उपदेशमंचावरून तो आम्ही आजवर ऐकलेला नाही.

याउलट तोबीतचे पुस्तक उघडावे. ते आपल्या कॅथलिक बायबलमध्ये आहे आणि आपणच ते सर्वांत कमी वाचतो. तोबीत आंधळा झाला, घर बायकोच्या विणकामावर चालू लागले. एकदा तिला मजुरीवर वरकड म्हणून करडू मिळाले, तर हा पुण्यवान नवरा तिच्यावर चोरीचा संशय घेतो! पैशाविषयी न बोलणाऱ्या घरात काय घडते, त्याचे एवढे खरे चित्र दुसरीकडे क्वचितच सापडेल. पण हाच तोबीत, आपला मृत्यू जवळ आला असे वाटताच मुलाला जवळ बसवितो आणि गबाएलकडे दहा तालांत चांदी ठेवली आहे हे सांगतो, दोन तुकडे केलेल्या दस्तऐवजाची हकिकत सांगून तो कागद त्याच्या हाती देतो. मग तोबीया प्रवासासाठी सोबती शोधावयास बाहेर पडतो आणि राफाएल भेटतो. आधी कागद, मग देवदूत. किती घरांत वडील गेल्यानंतर तेराव्या दिवशी दारात येणाऱ्या माणसाकडून मुलांना देण्याचा आकडा कळतो, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको.

आता जे लिहावयाचे आहे ते काहींना कटू वाटेल. शेकडा पाचने देणारा हा माणूस कोण असतो? १८७५ मध्ये तो परमुलखातून आलेला होता आणि लोकांचा राग त्याच्या जातीवर निघाला, ते चूकच होते. आज तो आपल्या गल्लीतला असतो. कधी कधी तो आपल्याच बाकावर बसतो. सणाच्या नोव्हेनेत एका दिवसाचा खर्च उचलतो, वेदीच्या फुलांचे पैसे देतो, त्याचे नाव जाहीर होते आणि त्याच्या कर्जदारांनाही त्या वेळी मान डोलवावी लागते. दर रविवारी तोही प्रभूची प्रार्थना म्हणतो. मत्तयच्या शुभवर्तमानात त्या प्रार्थनेतल्या 'अपराध' या ठिकाणी जो मूळ ग्रीक शब्द आहे त्याचा सरळ अर्थ 'देणे' असा आहे, हे त्याला कोणी सांगितले आहे काय? नहेम्याने सांगितले होते. शेते व द्राक्षमळे गहाण पडली, मुलेमुली दासपणात गेली, तेव्हा त्याने उपदेश केला तो कर्जदारांना नव्हे. भर सभेत सरदार व अधिकाऱ्यांना उभे करून घेतलेले परत करावयास लावले. तेथे व्याज होते शंभरावा भाग. बहुतेक टीकाकार तो दरमहाचा समजतात. आपल्याकडे त्याच्या पाचपट चालते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये इटलीतील सावकारीविरोधी कार्यकर्त्यांसमोर बोलताना व्याजखोरीला गंभीर पाप म्हटले. २०२५ च्या ज्युबिली वर्षानिमित्त त्यांनी गरीब देशांची कर्जे सोडण्याचे आवाहन श्रीमंत देशांना केले, ते आपण आनंदाने ऐकले. आफ्रिकेतील कर्जाविषयी निर्भयपणे बोलता येते. पुढच्या सणाला फुलांचे पैसे स्वीकारताना धर्मगुरूंनी आणि धर्मग्राम परिषदेने एकच प्रश्न विचारावा, अशी आमची विनंती आहे: हे कोणाच्या व्याजाचे?

मग पतपेढी काढावी काय, असे विचारले जाईल. उदाहरणे थोर आहेत. फादर जॉन बाप्टिस्ट हॉफमन यांनी १९०९ साली छोटा नागपुरात आदिवासींची कॅथलिक सहकारी पतसंस्था उभी केली. वसईत १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने जी पतसंस्था निघाली तिची आज बॅसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली आहे. परंतु वसईची लोकसंख्या आणि वसईची वाडी आपल्याकडे नाही. महाराष्ट्रात किती पतसंस्था संचालकांच्या नातेवाइकांनी बुडविल्या, हे ठेवीदारांना विचारावे. मूठभर कुटुंबांच्या धर्मग्रामात पतपेढी काढली तर पहिला कर्जदार सचिवाचा मेहुणा असेल, अशी आम्हांस भीती वाटते. म्हणून आमची मागणी लहान आहे. महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर शाळेची एक खोली उघडी असावी. एक मेज, चार खुर्च्या, एक गणकयंत्र. नवराबायको दोघांनी यावे, एकट्याने नव्हे. सोबत सगळे कागद आणावेत. तेथे कोणी प्रवचन करू नये, पैसे देऊ नयेत, पैसे मागू नयेत. जे ऐकले ते बाहेर जाऊ नये, हा नियम मात्र प्रायश्चित्त संस्काराइतकाच कडक असावा. कर्ज हे पाप नव्हे, त्यामुळे जाळीआड सांगण्याचीही गोष्ट नव्हे. ती दोघांनी शेजारी बसून, उजेडात सांगण्याची आहे.

त्या जोडप्याविषयी थोडे राहिले. सावकाराने बेचाळीस हजार मोजून घेतले आणि दोन कोरे धनादेश परत केले. सही करून दिलेला मुद्रांक कागद मात्र 'सापडत नाही', असे तो अजून म्हणतो. सहायक निबंधकांच्या कचेरीत अर्ज दिला आहे. अर्जावर दोघांच्या सह्या आहेत, आणि पोच त्यांनी कपाटात न ठेवता स्वयंपाकघरात, कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली आहे.